सासूबाई फिरायला जातात

२ मार्च, सोमवार

सासूबाई डोंगरात चालल्या आहेत. दहा दिवस. शुक्रवारीच.

जेवताना सांगितलं, मीठ मागावं इतक्या सहज. त्यांची ती मैत्रीण — आम्ही सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतो, शाळेतून निवृत्त झाली तरी बोलताना बोट वर असतं — तिने तिकिटंसुद्धा काढून ठेवलीत. नवरा म्हणाला, "वा, जा की. बर्फ बघून ये." मोठी म्हणाली, "आजी, फोटो पाठव हं." धाकट्याला तिथे अस्वलं असतात का ते जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "जायलाच हवं तुम्ही, आई," आणि सूपने जीभ भाजली.

धाकट्याला शाळेतून रोज त्याच आणतात. आता कोण आणणार, हे टेबलावर कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं. पण बोलले असते तर आवाजातलं दुसरंही काहीतरी ऐकू गेलं असतं. सूप फुंकत राहिले.

रागवायलाही जागा नाही, हीच तर पंचाईत. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा ही बाई त्यांच्या उशापासून हलली नाही. बाहेरची हवा खिडकीतून घेतली तेवढीच. आता त्या गेल्या तर कुणी काय म्हणावं? सगळं कळतं मला. कळतं म्हणूनच जास्त जळतं.

४ मार्च, बुधवार

दुकानात आल्या आज. गॉगल हवा म्हणे, बर्फावर डोळे दिपतात.

चष्म्याच्या दुकानात काम करायचं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या सुट्ट्या नाकावर बसवून द्यायच्या. कुणी वाळवंटात चाललंय, कुणी बोटीवर. काड्या वाकवायच्या, नाकाजवळचे पॅड आत-बाहेर करायचे, आरसा धरायचा, "शोभतोय" म्हणायचं. सवय आहे.

पण त्यांनी नेमका तो मोठा तपकिरी उचलला. दुपारी दुकान रिकामं असलं की मी तो घालून आरशासमोर उभी राहते. मालक जेवायला गेलेले असतात. तेवढ्यात मी कुठे कुठे जाऊन येते.

"कसा दिसतोय गं? म्हातारीला जरा जास्तच का?"

"छान दिसतोय, आई."

खरंच दिसत होता. माझ्यापेक्षा छान. मी पॅड नीट बसवले, कापडाने काचा पुसल्या आणि पिशवीत घालून दिला.

७ मार्च, शनिवार

गेल्या काल. छोटी चाकांची बॅग, डोक्यावर टोपी. जिना उतरताना मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी बघत होते.

मालकांकडून चार वाजता निघायची परवानगी घेतलीय. "पण संध्याकाळीच तर गिऱ्हाईक येतं," म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "बरं, जा." उपकार झाले. आता शाळेच्या फाटकापर्यंत धावायचं, तिथून धाकट्याला ओढत घरी.

माझी बेकरी बुडाली त्यात. रोज सुटल्यावर कोपऱ्यावरून गरम पाव घ्यायचा आणि त्याचं टोक रस्त्यातच मोडून खायचं — एवढंच माझं असतं दिवसभरात. घरी पोचेपर्यंत पाव कोपऱ्यात कुरतडलेला. सगळ्यांना वाटतं बेकरीवालाच तसा देतो.

९ मार्च, सोमवार

फोटो आला. मुठीत बर्फ, डोळ्यांवर माझा गॉगल. नवऱ्याने तो मोठा करून करून बघितला. "आई कशी हसतेय बघ ना."

मी म्हणाले, भांडी पडलीत.

११ मार्च, बुधवार

बसमध्ये खिडकी मिळाली. मग माझा खेळ सुरू झाला. आपला थांबा येतो, आपण उठत नाही. पुढचा येतो, उठत नाही. शहर संपतं. गोदामं, मग शेतं, मग नुसती झाडं. शेवटच्या थांब्यावर आगगाडी उभी असते. वरचा बर्थ माझा. सकाळी उतरायचं ते अशा गावात जिथे कुणाला माझं काही माहीत नाही. एक खोली असते. चादर ताणून घातलेली, उशी कुणीतरी झटकून ठेवलेली — कुणीतरी म्हणजे मी नव्हे. खाली जायचं, तर टेबलावर चहा तयार. तो थंड होईपर्यंत बसायचं, मग दुसरा मागवायचा. कुणी विचारत नाही की माझा निळा मोजा कुठाय.

या खेळात माझ्याबरोबर कुणी नसतं. नवरा नाही, पोरं नाहीत. एकदा मुद्दाम घ्यायचा प्रयत्न केला त्यांना. धाकट्याला बर्थवरच उलटी झाली. खेळ मोडला.

आईने असं मनातसुद्धा आणू नये म्हणतात. कोण म्हणतं कोणास ठाऊक. त्यांच्याकडे उशा झटकायला माणूस असणार.

सासूबाईंची उशी आज कुणीतरी झटकली असेल.

१४ मार्च, शनिवार

धाकट्याला ताप. काल दुपारपासून. कपाळावर घड्या ठेवतेय, गोष्ट सांगतेय, आणि तो डोळे मिटून म्हणतो काय — "आजी कुठाय? आजीला बोलव."

मी म्हटलं, मी आहे ना राजा. "तू नको. आजीचा गार असतो." हाताबद्दल बोलत होता. त्यांचा हात गार असतो, माझा गरम.

म्हणजे बघा. त्या तिथे आहेत म्हणून मी जळतेय, आणि इथे नसूनही इथेच आहेत म्हणून जळतेय. एका माणसाने दोन्हीकडे असावं आणि मी एकीकडेही नीट नसावं, हा कुठला न्याय.

दुपारी हात नळाखाली धरून गार केला आणि ठेवला त्याच्या कपाळावर. तो झोपला.

१७ मार्च, मंगळवार

आल्या. नाक भाजलंय, आवाज चढलाय. पोरं दोन्हीकडून लटकली. मला लोकरीचे मोजे आणलेत. "तुझे पाय गार पडतात ना गं, झोपतेस ती पायावर पाय घासत. मला भिंतीपलीकडे ऐकू येतं."

इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपते त्याला हे माहीत नाही. मोजे मऊ आहेत. घातले नाहीत अजून. घातले तर रागवायला काही उरणार नाही.

१२ एप्रिल, रविवार

आज तोंडातून गेलं.

नाश्ता चालला होता. सासूबाई म्हणाल्या, महिनाअखेरीस समुद्रावर जायचं म्हणतोय आम्ही दोघी. नवऱ्याने लगेच, "जा की!" त्याचं हे "जा की" काय फुकटचं असतं. मी अंडी सोलत होते. म्हणाले, "तुमचं बरं आहे, आई. तुमचं सगळं करून झालं. आमची पाळी यायची आहे अजून. आली तर."

नवऱ्याने सोललेलं अंडं उचललं. मग त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं." रागाने नाही. हिशेबात चूक दाखवल्यावर म्हणतात तसं.

१३ एप्रिल, सोमवार

मास्तरीणबाईंना फोन करत होत्या, मी स्वयंपाकघरात होते. "नाही जमायचं गं. घरात अडचण होते... नाही, कुणी काही म्हणालं नाही. तू जा." माझं नाव घेतलं नाही.

आणि मला गोड वाटलं. खरंच. गरम पावाच्या टोकासारखं. इथे लिहून ठेवते, बोलणार कुणाला.

१९ एप्रिल, रविवार

गोडी टिकली नाही.

सासूबाई घरात असतात. धाकट्याला आणतात, बटाटे सोलतात, विचारलं की उत्तर देतात. रेडिओ लावत नाहीत. खिडकीशी खुर्ची ओढून बसतात, तीच खुर्ची, सासऱ्यांच्या उशाशी असायची ती. मी घरात आले की उठून काहीतरी कामाला लागतात. दिवसभर काम करून आलेल्या बाईसमोर बसू नये म्हणून. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

नवऱ्याने विचारलं, "तू बोललीस का काही आईला?" नाही म्हणाले. समोर बसून ऐकलं होतं त्याने सगळं. कुठे होता तेव्हा? अंड्यात.

मोठी मात्र होती. भांडी पुसताना म्हणाली, "तुला जायचं होतं तर तू जायचंय म्हणायचंस ना. आजीला कशाला बोललीस?"

"मला कोण जा म्हणणार?"

"आजीला तरी कोण म्हणालं होतं? ती म्हणाली, मी चाललेय."

अकरा वर्षांची आहे. माझ्या पोटची. मी बशी पुसत राहिले, कोरडी झाली तरी.

२० एप्रिल, सोमवार

वाटेतून परत फिरले आणि मास्तरीणबाईंच्या घरी गेले. दार उघडून चष्म्यावरून बघत राहिल्या. वर्गात उशिरा आल्यासारखं वाटलं.

"तिला पाठवत नाहीस म्हणे."

"पाठवते. आणि — मीही येऊ का?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आम्ही घोरतो," म्हणाल्या. "दोघीही."

घरी सासूबाईंना सांगितलं. खुर्चीतून उठायला लागल्या, मी म्हटलं बसा. समोर जमिनीवरच बसले. "त्या दिवशी बोलले ते चुकलं. मला तुमचा हेवा वाटला. अजूनही वाटतोय. मला न्या बरोबर." हे वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं, तरी शेवटी अडखळलं.

त्यांनी माझ्या केसातला कसला तरी धागा काढला. "तिथे वारा फार असतो," म्हणाल्या. "जाडसर काहीतरी घे अंगावर."

नवरा म्हणाला, "आणि मुलं?"

"तुझीच आहेत," मी म्हणाले. सासूबाई खोकल्या. हसू दाबायला खोकल्या, मला ठाऊक आहे.

३० एप्रिल, गुरुवार

समुद्र.

आता काय लिहू. मोठा आहे. करडा आहे. फोटोतल्यासारखा निळा नाही आणि त्याचं काही वाईट वाटत नाही.

चहा आणून देतात इथे. पहिला प्याले, दुसरा मागवला. तो पिताना धाकट्याने दप्तरात डबा घेतला असेल का हेच डोक्यात. फोन केला. नवरा म्हणाला, "घेतला, घेतला, तू मजा कर." मागे काहीतरी पडल्याचा आवाज. मी विचारलं नाही. कौतुक आहे माझं.

२ मे, शनिवार

सासूबाईंना पोहता येतं.

चपला काढल्या, सरळ चालत गेल्या आणि पाण्यावर उताण्या पडल्या, पलंगावर पडावं तशा. मी ओरडणार होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही शाळेत होतो तेव्हा पोहण्यात पहिली यायची ती." नवऱ्याला हे माहीत नाही. विचारलं मी फोनवर. "आई? पोहते?" म्हणाला, दोनदा.

मी गुडघ्यापर्यंत गेले. पायाखालची वाळू सरकते, ते आवडलं नाही, मग आवडलं.

खोटं कशाला लिहू — इथेही जळलेच. त्या दोघी एकमेकींकडे बघतात आणि मध्येच हसत सुटतात, अर्ध्या शब्दावर. माझ्याशी असं हसणारं कोण आहे? मोठी होईल कदाचित. अजून वेळ आहे.

दुपारी मास्तरीणबाई घोरत होत्या. आम्ही दोघी बाहेर बाकावर. मी विचारलं, "आई, तुम्हाला घर आठवत नाही का हो असं लांब आलं की?"

"आठवतं ना. घरात असताना थोडंच आठवतं? तिथे नुसतं दिसत असतं."

मग केस पुसत म्हणाल्या, "माझ्या हातून त्यांचं सगळं झालं, तुझ्या सासऱ्यांचं. मनापासून केलं. पण ते गेल्यावर तुम्ही सगळे मला जपायला लागलात, आणि मला वाटलं, आता ही खुर्ची माझी." टॉवेल खांद्यावर टाकला. "तू बोललीस ते टोचलं. पण तूच एक बोललीस. बाकी सगळे म्हातारीला फिरायला पाठवत होते."

मी बाकावरची वाळू झटकली.

३ मे, रविवार

उद्या परत. बॅग भरली. धाकट्यासाठी शिंपले, मोठीसाठी काय घ्यावं कळेना, तिलाही शिंपलेच. भांडतील.

४ मे, सोमवार

गाडीला वेळ होता. सासूबाई म्हणाल्या, चल जरा. मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावर खोली. लोखंडी पलंग, एक मोरी, खिडकीतून भिंत आणि भिंतीवरून चिमूटभर समुद्र. आगाऊ भाडं देऊन झालंय. पुढच्या महिन्यापासून त्या इथे राहणार. आता घरी येताहेत त्या फक्त सामान न्यायला.

"त्याला अजून सांगितलं नाही," म्हणाल्या. "आधी तुला." आणि दुसरी किल्ली माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली. हात खरंच गार आहे त्यांचा.

गाडीत त्या झोपल्यात, तोंड उघडं टाकून. मी मूठ उघडत नाहीये. जळण्यासारखं काही सापडेना. नुसती भीती वाटतेय — जूनपासून धाकट्याला कोण आणणार, आणि मला वाटेल तेव्हा त्या खोलीचं दार उघडता येईल.