भिंतीची गोधडी

आई, गेल्या महिन्यात भिंतीत खिळा ठोकताना तुझी आठवण आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि त्यातला एक दिवस तुझ्यावाचून गेला नाही. एक सांगायचं राहिलंय. पनवेलच्या घरातली ती भिंतीची गोधडी हरवली नव्हती. मी ती बोहारणीला दिली.

त्या भाड्याच्या खोलीत तुझ्या मशीनमागची भिंत ओलीने फुगायची आणि पोपडे गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांवर पडायचे. मग तू जुन्या चादरीवर कातरणं जोडलीस, वरच्या काठात बांबूची काठी सरकवलीस आणि सुतळीने ती टांगलीस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भिंतीला थंडी वाजते काय गं?" तू दातांनी दोरा तोडत म्हणालीस, "वाजते ना. तिला कोण इचारतंय?" गव्हाण गावची बोली तू शहरात येऊनही सोडली नाहीस. तेव्हा मीही हसले होते. दहावीत गेल्यावर मात्र वर्गातल्या मुली घरी अभ्यासाला येणार म्हटल्यावर मला त्या चिंध्यांची लाज वाटायला लागली. शिंपिणीची मुलगी असण्याची लाज वाटत होती, हे जास्त खरं.

दिवाळीच्या रंगकामासाठी तू गोधडी उतरवून घडी करून ठेवली होतीस. बोहारीण दारात बसली आहे, तू आत चहा टाकते आहेस, आणि मी बाबांच्या जुन्या पँटींच्या गठ्ठ्यात ती घडी मधोमध सरकवते. तू बाहेर येतेस, गठ्ठ्यावर हात ठेवून घासाघीस करतेस, "एवढ्या कापडांवर परात पायजेच, ताट नाय चालायचं." आणि परात घेऊनच उठतेस. तुझ्याच तोंडून सौदा झाला, हे मला त्या वेळी गमतीचं वाटलं.

रंग सुकल्यावर तू शोधायला लागलीस. ट्रंक, माळा, गिऱ्हाइकांच्या पिशव्या. तिसऱ्या दिवशी जमिनीवर बसलीस आणि म्हणालीस, "त्यात तुज्या भावाचं झबलं हाय गो. मधला पिवळा चौकोन. कुठं ठेवलं मी?" माझ्या आधीचा तो, सव्वा महिन्याचा होऊन गेलेला. त्याचं दुसरं काही घरात नव्हतं, फोटोसुद्धा नाही. मला हे माहीत नव्हतं, आई. बोलायची वेळ तीच होती. तू सगळ्यांना सांगत सुटलीस, माजं डोकं ठिकाणावर नाय, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावली. त्या परातीत तू पुढे कितीतरी वर्षं भाकऱ्या थापल्यास. शेवटच्या आजारात पलंगावरून हात लांबवून भिंत चाचपायचीस. नर्सने विचारलं, यांना काय हवंय? मी म्हणाले, काही नाही, सवय आहे.

आता कामोठ्याच्या घरात मी तशीच गोधडी केली आहे. हल्ली त्याला वॉल हँगिंग म्हणतात, म्हणून कोणाला लाज वाटत नाही. लेकीचे लहानपणचे फ्रॉक, विटलेल्या ओढण्या, खालच्या टेलरकडची कातरणं, सगळं घरचं नाहीतर फुकटचं. फक्त मधला पिवळा चौकोन विकत आणावा लागला. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावतात. तू ते झबलं आजीच्या मऊ लुगड्याचं शिवलं असणार. नव्या कापडाची लबाडी तू बोट लावताच ओळखली असतीस. म्हणून मी ते सोडा घालून उकळलं, घासलं, उन्हात टाकलं, पुन्हा घासलं, पार विरेपर्यंत. बोटांची सालं निघाली.

लेकीने विचारलं, "हे कोणाचं गं?"

"तुझ्या मामाचं झबलं," मी म्हणाले. इतकं सहज निघालं की माझी मलाच भीती वाटली. आता ती परीक्षेला जाताना त्या चौकोनाला हात लावून निघते.

तिला खरं सांगायला हवं, कळतं मला. पण जिला तुला सांगायला जमलं नाही ती मी, लेकीला काय सांगणार! हा कागदही फाडूनच टाकेन. तिच्या हाती पडला तर तिचा मामा पुन्हा जाईल.

आणि काल दुपारी घरात कोणी नसताना मीही त्याला हात लावला. त्या भिंतीवर ऊन येत नाही, आई. तरी ते कापड मला कोमट लागलं.