ओट्याखालचा तांब्याचा जोड

बाबा, तुमचा पाइप गळतोय. ठाकुर्लीच्या घरात बाथरूमच्या गीझरपासून स्वयंपाकघरापर्यंत तुम्ही स्वतः टाकलेला तांब्याचा पाइप, बरोबर ओट्याखालच्या जोडाशी. प्लंबर म्हणतो, सगळं उपटून प्लास्टिकचं टाकू, सोमवारी येतो. आई म्हणते, "त्यांच्या हातचं घरात तेवढंच राहिलंय गं." मग काय, नौपाड्यातून जोड सांधायला गॅसची टॉर्च, पेस्ट आणि वितळवायची सोल्डरची तार घेतली, स्वयंपाकाचा सिलिंडर बाहेर गॅलरीत नेऊन ठेवला आणि रविवारी सकाळी ओट्याखाली शिरले.

जोड सोडवला, घासून लख्ख केला, पेस्ट लावून परत बसवला, ज्योत धरली. सोल्डर काही आत शिरेना. नुसत्या गोळ्या होऊन टपाटप फरशीवर. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, त्यामुळे पाइपात पाणी झिरपत राहतं आणि ओला पाइप तापतच नाही. हे कळलं, पण करायचं काय? इतका राग आला तुमचा! लहानपणी असं काम निघालं की बॅटरी धरून मी तुमच्या मागे उभी. दिसायचं काय, तर तुमची घामेजलेली पाठ. "उजेड हलवू नकोस," एवढंच ओरडायचात, आणि काही विचारलं की, "तुला काय करायचंय?" हे करायचंय, बाबा. हेच.

आई म्हणाली, "अगं, ते आधी पाव मागायचे."

"खायला?"

"नाही गं. मधला मऊ भाग पाइपात कोंबायचे. पाणी तेवढ्यापुरतं अडतं म्हणे. नंतर नळातून वाहून जातो."

आणि मी इतकी वर्षं समजत होते, तुम्हाला कामात भूक लागते! जोड पुन्हा सोडवून पाव कोंबला, परत बसवून ज्योत धरली. आई मोबाइलचा उजेड धरून वाकली. वाकून बघताना उजेड जोडावरून सरकला आणि मी खेकसले, "आई, उजेड हलवू नकोस ना!" ती रागावली नाही, हसली. म्हणाली, "अगदी त्यांच्यासारखी ओरडतेस." तोवर सोल्डर जोडाभोवती फिरून आत शिरलं होतं.

जोड पक्का बसलाय, थेंबही गळत नाही. प्लंबरला नको म्हणून कळवलं. तुमच्यावर मात्र मी अजून चिडलेलीच आहे, एकदा तरी ती गॅसची टॉर्च माझ्या हातात द्यायची होती. हे लिहिलेलं तुम्हाला कुठे पाठवणार, फ्रिजवर पडून राहील. पण एक सांगते. आई 'त्यांच्यासारखी' म्हणाली ना, ते मला फार आवडलं.