म्हाताऱ्या इंजिनाचं तेल

बाबा, चार दिवसांपूर्वी चंद्रपूरला तुमच्या गाडीत पाण्यासारखं पातळ ऑइल ओतलं, आणि माझा संताप अजून उतरलेला नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत कधी चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आता लिहायला बसले ती हे सांगायला. पण दुसऱ्या कुणाला सांगू? मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, ऑइल ते ऑइल. त्यात एवढं काय?" ऑइल ते ऑइल! तुमचा नातू आहे हा, बाबा.

आरमोरीतला आपला मिस्त्री गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेलाय, महिनाभर तरी येत नाही. ऑइल तर काळं पडलं होतं. म्हणून मी चंद्रपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. काचेची दारं, एसी, मशीनची कॉफी. काउंटरवरच्या टायवाल्या माणसाने माझ्या मागे दाराकडे पाहत विचारलं, "सर पार्किंगमध्ये आहेत का?" म्हटलं, सर नाहीत, गाडी मी चालवत आणलीय. "आरमोरीहून? एकट्या?" जणू मी ताडोब्यातून वाघ हाकत आणला होता. मग त्याने कॉम्प्युटरमध्ये अँबॅसिडर शोधली. सापडेना. त्याच्या यादीत ती गाडीच नव्हती! आता ज्याच्या यादीत गाडी नाही त्याने काय करावं? बाहेर जावं, बॉनेट उघडावं, ऑइल मोजायची पट्टी काढून पाहावी, निदान जिची गाडी आहे तिला विचारावं. याने यादीतलं सगळ्यात भारी ऑइल निवडलं. फाइव्ह-थर्टी, सिंथेटिक, नव्या गाड्यांसाठीचं पातळ. मी वीस-पन्नास, म्हणजे तुमच्या चाळीस नंबरासारखं घट्ट, म्हणून सांगितलं होतं, स्पष्ट सांगितलं होतं, आणि तरी तुमच्या गाडीच्या पोटात हे गेलं.

हा आकडा मला कुणी कॉलेजात शिकवला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझं शिक्षण आपल्या स्वयंपाकघरात झालं. डिसेंबरची सकाळ असते, आई चुलीपुढे भाकरी थापतेय, आणि तुम्ही चाळीस नंबरचा डबा चुलीपासून हातभर अंतरावर आणून ठेवता. थंडीत ते ऑइल गुळाच्या काकवीसारखं घट्ट होतं, नरसाळ्यातून उतरत नाही, म्हणून त्याला जरा ऊब द्यायची. आई ओरडते, "इथी सैपाक होते का गॅरज चालते? भाकरीले वास लागून राह्यला ना!" तुम्ही म्हणता, "थोडं सरकून बस न वो, त्याले थंडी वाजून राह्यली." आई लाटणं उचलते आणि हसते. त्या भाकरीला खरंच वास यायचा. मी तीच भाकरी डब्यात शाळेत नेत असे, आणि शेजारी बसणाऱ्या डॉक्टरांच्या मुली नाकाला रुमाल लावत.

ऑइल बदलताना नरसाळं मी धरायची. जुनं ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमधून परातीत पडत असताना तुम्ही अंगठा आणि बोटात त्याचा थेंब घेऊन बोटं हळूहळू दूर न्यायचात. तार किती लांब धरते ते पाहायचात. माझ्याही बोटांना लावायचात. "पाय बरं. तुटली का नाई लवकर? म्हंजे थकलं." तेव्हा ही गाडी मिशनच्या दवाखान्याची होती. तुम्ही तिचे ड्रायव्हर होतात, आणि त्याच आवारातल्या कॉन्व्हेंटात मी शिकत होते, ड्रायव्हरची मुलगी म्हणून अर्ध्या फीवर. आठवड्यातून दोनदा सिस्टर आणि औषधांच्या पेट्या घेऊन तुम्ही एटापल्लीकडच्या गावांना जायचात. रस्ता नाही, पूल नाही, गाडी बंद पडली तर दोन दिवस कुणी विचारणारं नाही. तिथे इंजिनात कोणतं ऑइल आहे यावर सगळं अवलंबून होतं, हे मला आता कळतं.

आणि तो दिवस. मी सहावीत होते. गाडीच्या खणात कंपनीचं इंग्रजी पुस्तक असायचं, ते मी वाचत बसले होते. तुम्ही चाळीसचा डबा उघडला आणि मी सिस्टरसमोर, माझ्या दोन वर्गमैत्रिणींसमोर, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं की हिवाळ्यात तीस नंबर टाकावं. वर म्हणाले, "बाबा, तुमचं चुकलं." सिस्टरने पुस्तक हातात घेतलं, पाहिलं, म्हणाली, "बुकमध्ये थर्टी आहे ना, मग थर्टीच टाका." तुम्ही डब्याचं झाकण लावलं. तीस नंबर आणलं, टाकलं. तो सगळा हिवाळा दर पाच-दहा मैलांवर गाडी थांबवून तुम्ही पट्टी पाहत होता. एक डबा सीटखाली ठेवत होता, कारण ऑइल खाली गळत होतं आणि वर धूर होऊन जात होतं. सिस्टर उशीर होतो म्हणून तुमच्यावर रागवायची. तेही तुम्ही ऐकून घेतलं.

मला त्या संध्याकाळी तेवढं बोललात. हात धुता धुता, माझ्याकडे न पाहता. "पोरी, ज्यानं पुस्तक लिवलं त्यानं गाडी नवी असताना पायली. मी तिले म्हातारी पाहून राह्यलो. तिच्या अंदरचं सारं झिजलं, फटी वाढल्या. पातळ तेल त्या फटीत थांबत नाई, वाहून जाते, मंग लोखंडावर लोखंड घासते." मी रडवेली होऊन म्हटलं, पण पुस्तकात लिहिलंय ना. तुम्ही म्हणालात, "मले इंग्रजी येत नाई. पण गाडीले बी येत नाई." आई चुलीपाशी एवढी हसली की तिला ठसका लागला. मी नाही हसले. मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. होळी झाली आणि तुम्ही गुपचूप चाळीस नंबर टाकलं. सिस्टरला कळलं नाही. मला कळलं, मी नरसाळं धरलं होतं.

पुढे दवाखान्याने नवी गाडी घेतली आणि ही तुम्हाला देऊन टाकली. धम्मचक्र दिनाला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला आपण सगळे पहिल्यांदा आपल्या गाडीने गेलो, तुम्ही इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि वाटेत दोनदा थांबून बॉनेट उघडलं होतं. हे इंजिन दोनदा खोलून बांधून झालंय. मिस्त्रीने मागेच सांगितलंय की आता तिसऱ्यांदा होणार नाही, सामान मिळत नाही. म्हणजे आता बेअरिंग गेलं की गाडी गेली, भंगारात. मुलगा तर त्याची वाटच बघतोय.

तर परततानाचं. चंद्रपूर सोडलं, जंगल संपत आलं, आणि मूल गावाच्या अलीकडे खाणीच्या ट्रकांची रांग लागली. सूरजागडचे लाल माती-दगड भरलेले ट्रक, एकामागे एक, हलायचं नाव नाही. ऊन कडक. इंजिन तापलेलं, गाडी जागेवर उभी, आणि ऑइलचा लाल दिवा मिचमिचायला लागला. मग सरळ पेटूनच राहिला. आणि खालून आवाज, बाबा, सुपात खडे पाखडावेत तसा. मी त्याच क्षणी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मागचा ट्रकवाला हॉर्न देतोय, "ओ बाई, गाडी काढा न, काऊन उभ्या हाय?" उतरले आणि त्याला म्हटलं, ढकल. त्याने आणि त्याच्या क्लीनरने ढकलून कडेला लावून दिली. वर्कशॉपला फोन केला तर टायवाला म्हणतो, "सेन्सरचा प्रॉब्लेम असेल मॅडम. चालवत परत या." चालवत या! लाल दिवा पेटलेला असताना! तुम्ही असता तर त्याला काय म्हणाला असता ते मी मनात म्हणून घेतलं.

मूलमध्ये एका टिनाच्या शेडमध्ये म्हातारे मिस्त्री आहेत, ट्रकवाल्याने त्यांना बोलावून आणलं. त्यांनी पट्टी काढली, थेंब बोटात घेतला, तार धरतेय का पाहिलं. धरलीच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे कोनं टाकलं हो बाई? शिलाई मशीन हाय का हे?" मला हसूही आलं आणि रडूही. गाडी दोरीने ओढत नेली, फाइव्ह-थर्टी काढलं, वीस-पन्नास भरलं. चालू केली. दिवा विझला. खडखड थांबली. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून, त्याची मूठ कानाला लावून, बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "खालून थोडं बोलून राह्यली. बेअरिंगनं जरासं खाल्लं असन, नसन बी. आता खोलू नोका. हळू चालवा, ऐकत राहा." मी पन्नासच्या वर न जाता आरमोरीला आले. तेव्हापासून रोज सकाळी सुरू करते आणि ऐकते. आहे तो आवाज. अगदी बारीक. कधी वाटतं वाढला, कधी वाटतं भास आहे.

तीन दिवसांत मी हे सगळ्यांना सांगितलं. मुलाला, शेजारणींना, दवाखान्यात भेटलेल्या कंपाउंडरला. बघा, बाईमाणूस पाहिलं आणि न विचारता वाटेल ते ओतलं. सगळे हळहळले. वर्कशॉपला इंग्रजीत दोन पानी तक्रार लिहिली, तीही टेबलावर आहे, पाकिटात घालून.

ती पाठवायची राहिलीय. हे पत्र तर कुठे जाणारच नाही, म्हणून लिहिते. न विचारता नाही ओतलं. त्याने विचारलं होतं, बाबा. मी वीस-पन्नास इंग्रजीत म्हटल्यावर त्याने मान वर केली आणि एकदम इंग्रजीत सुरू झाला, चांगलं, अदबशीर इंग्रजी. मी काय शिकवत होते, कुठल्या कॉन्व्हेंटची, माझे उच्चार किती सुंदर आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मग म्हणाला, तुमच्यासारख्या सुशिक्षित बाईंनी असलं जुनाट ऑइल मागावं याचं नवल वाटतं. मला लाज वाटली. त्याने कागद पुढे केला, त्यावर फाइव्ह-थर्टी लिहिलेलं होतं. मी पर्समधून चष्मा काढला, नीट वाचलं, आणि सही केली.