भाभीची फणी

जसोदाभाभी,

मी आणि माय प्रकाशा गावी तापीच्या स्नानाला निघालो. उन्हं कलली की येऊ. चुलीमागे गाडग्यात शिकेकाई उकळून ठेवली आहे. आधी डबीतलं गंधकाचं मलम केसांच्या मुळाशी लाव, घटकाभराने धू. नखांनी खाजवू नकोस.

मलम दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दिलं. मी विचारलं तर माझ्यावरच रागावल्या. म्हणाल्या, हा नुसता कोंडा आहे, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आपण रोज तेल थापत होतो, त्यानेच तो वाढला. ओल्या केसांवर पदरही घेऊ नकोस. आज घरात कोणी नाही, मागच्या अंगणात केस मोकळे सोडून खुशाल बस.

घरात कापूस होता तोवर सगळ्यांच्याच डोक्यात पांढरं असायचं. आपण दोघी त्या ढिगावर पडून राहायचो, ढगावर निजल्यासारख्या. मग कापूस विकला गेला. सगळ्यांची डोकी काळी झाली, तुझंच पांढरं राहिलं, आणि मी मायला जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून तुझी फणी गोठ्यात गेली. मन्ही चूक शे, भाभी.

उद्या तुझा भाऊ तुला माहेरी न्यायला गाडी घेऊन येईल. तुझं बांधलेलं गाठोडं मी पाहिलं.

फणी आणून आरशाखाली ठेवली आहे. सकाळी मायसमोर मी तिनेच वेणी घातली. फणीत तुझा एक लांब केस होता, तो माझ्या वेणीत गुंफला गेला. तो काढला नाही. तसाच घेऊन नदीवर चालले आहे.

दगू