चादरीच्या कोपऱ्यातलं कुंकू

९ मार्च २०२२, बुधवार

आरोही घरी येऊन चार दिवस झाले. जेवते, अंघोळ करते, फोन बघते. बोलत नाही. युक्रेनला डॉक्टर व्हायला गेलेली माझी पोर तळघरात पाच दिवस काढून आली — आणि मी विचारते काय, तर 'भात वाढू का?'

भेटायला येणारे संपत नाहीत. "टीव्हीवर दाखवत्यात तसंच हाय का गं तितं?" ती नुसती मान हलवते. तिची घरमालकीण, हालिना, तिथेच राहिली. तिला रोज मेसेज करते. एकच टिक.

मला बसवत नाही! पुण्यातल्या एका संस्थेची मदत पुढच्या गुरुवारी पोलंडला निघणार आहे, तिथं पोचलेल्या निर्वासितांसाठी. पांघरुणं हवीत. सोलापूरकरांनी दुसरं काय द्यायचं? चादरीच.

१० मार्च

अठरा जमल्या. कशासाठी, हेही आरोहीनं विचारलं नाही.

१२ मार्च

छत्तीस! सगळ्या फिकट रंगाच्या, कोऱ्या. खालच्या मजल्यावरच्या सावित्रम्मा दुपारभर घड्या घालत होत्या. मी चहा घेऊन आले, तर प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट. "कोरं कापड तसंच देतेत का कुनाला? लेकीबाळीच की त्या बी." मला भरून आलं.

तेवढ्यात आरोही बाहेर आली. बघत उभी राहिली. "काढा ते. सगळं काढा!" — आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सावित्रम्मांचा चेहरा एवढासा झाला. मी दाराशी जाऊन ओरडले — वडीलधाऱ्यांशी असं बोलतात?

आठवड्यात पहिल्यांदा बोलली. आणि मी ओरडले.

१३ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, आरोहीनं एका दमात सांगितलं.

जाताना मी दिलेली पांढरी चादर तिनं वापरलीच नव्हती, घडीतच ठेवली होती. कोपऱ्यातलं कुंकू हालिनाला कौतुकानं दाखवलं होतं — आईनं लावलंय, सुखरूप राहा म्हणून.

हालिना पाणी आणायला वर गेली, जवळच स्फोट झाला तशी धावत परत आली. तळघरात कुडकुडत आडवी झाली. आरोहीनं तीच चादर तिच्यावर घातली. पाठीवर लाल टिपका दिसला.

"मला वाटलं, तुझं कुंकू. बरं वाटलं गं आई. मी त्याच्याकडेच बघत बसले. मग तो मोठा व्हायला लागला."

पाठीत काच घुसलेली. हालिनालाही कळलं नव्हतं. तिला गाडीतून कुठं नेलं, कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आरोहीला बसमध्ये बसवलं.

"डॉक्टर होणार होते ना मी? अर्धा तास बघत बसले, आई!"

ते बोट मीच लावलं होतं. जवळ घ्यायला गेले, तर अंग लाकडासारखं.

१४ मार्च

सावित्रम्मांना सगळं सांगितलं. "अय्यो शिवा" म्हणाल्या. मग पदर खोचला. "साबन लावू नकोस, आनखी लाल होतंय. माजं घरचं हळदीचं कुंकू हाय. लिंबं आन."

खरंच! लिंबू चोळलं की लाल जातं, पिवळं उरतं. हळदीचं बोट लावावं तसं. छत्तीस कोपरे. तिसऱ्या चादरीला आरोही येऊन बसली आणि चोळू लागली.

"हळू चोळ की गं, लोनचं घालतीस काय?" सावित्रम्मा तिला म्हणाल्या.

हसली नाही. पण उठूनही गेली नाही.

१६ मार्च

खोक्यांना दोरी बांधून झाली होती. आरोही धावत आली. "आई, करंडा कुठाय? कुंकवाचा!"

हालिना आहे! पोलंडमधल्या दवाखान्यातून मेसेज आलाय. ती चादर टाकून द्यावी लागली. दुसरी पाठव म्हणते — कोपऱ्यात लाल टिपका असलेलीच.

करंडा मी उघडला. बोट आरोहीनं बुडवलं.