डिक्कीतले दोन वूफर

१६ एप्रिल
दादाच्या गाडीतले दोन्ही वूफर गेले. परवा, जयंतीच्या मिरवणुकीत, शेवटच्या वळणावर. आता गाणं लावलं की डिक्कीतून पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज येतो. घरात सुतक. दादा नीट जेवला नाही. आई म्हणाली, "स्थळ मोडलं तेव्हा एवढा बसला नव्हता."
मला बरं वाटलं. आठवडाभर ऑफिसच्या लोकांची मुकाट ने-आण करणारी गाडी, आणि सणाला डिक्की उघडून कॉलनीच्या छातीत धडधड. ज्यांची जयंती, त्यांनी शिकायला सांगितलं होतं. बहिरं व्हायला नाही.

१८ एप्रिल
दादाबरोबर घाटकोपरच्या ऑडिओवाल्याकडे. दादाचा दोस्त पक्या होताच. दुकानदाराने डिक्कीत डोकावलं नाही की हात लावला नाही. "दोनो खतम, भाई. नया डालो. पुराना अ‍ॅम्प भी एक्सचेंज में दे दो."
मी : तपासलं कधी?
"आवाज से समझता है, मॅडम."
पक्या म्हणाला, "नवीनच टाक रे. बुद्धपौर्णिमेची मिरवणूक तोंडावर आहे, कॉलनीचं नाक आहे यार."
कॉलनीचं नाक डिक्कीत असतं हे मला नवीन.

१९ एप्रिल
कॉलेजच्या लॅबमधून मल्टिमीटर घरी आणला. (सरांना विचारून. मी तिथेच असिस्टंट असले तरी.) डावा : कॉइल तुटलेली. उजवा : कॉइल शाबूत, फक्त कडेचं रबर फाटलंय. म्हणजे तो दुकानदार बिनधास्त खोटं बोलला, आणि आमचा दादा मान डोलवत होता. शाळेत विज्ञान होतं ना रे तुला?
जेवताना वीस मिनिटं बोलले. टाकून द्यायची सवय, कचऱ्याचे डोंगर, आपल्या लोकांनी तरी दुरुस्त करून वापरावं, वगैरे. दादा म्हणाला, "बोल. घरात ग्रॅज्युएट तूच." टोमणा होता की नाही, कळलं नाही.

२२ एप्रिल
दादाची ड्युटी. मीच दोन्ही वूफर रिक्षात मांडीवर घेऊन साकीनाक्याला. गोवेकर काकांचा गाळा, कुणीतरी नाव सांगितलेलं. सत्तरीचे असतील. त्यांनी डाव्याचा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, कापून काढला, कॉइल नाकाशी धरली आणि मला हुंगायला लावली. करपलेला वास.
"गो बाय, ह्यां गाणी वाजवून नाय गेलां. अ‍ॅम्पाचो गेन कोणी फिरयलो?"
गेन म्हणजे?
"मागे बटण आसता. लोकांका वाटता आवाजाचां. तां आवाजाचां नाय, जास्त फिरयलां की कॉइल जळता."
मी कॉइल पुन्हा हुंगली.
त्या दिवशी मिरवणूक थांबवून दादाने मला माइक दिला होता. कॉलनीतली पहिली बी.एस्सी. मुलगी, अभ्यासिकेवर दोन मिनिटं बोलणार. कुणी ऐकत नव्हतं. माझा आवाज चेपलेला येत होता. मी डिक्कीत वाकले आणि अ‍ॅम्पचं एक बटण शेवटपर्यंत फिरवलं. तरी फरक पडला नाही. मग गाणी सुरू झाली.
काकांना विचारलं, कुणी भाषणासाठी फिरवलं असेल तर?
ते खोकला लागेपर्यंत हसले. "वूफरातून भाषाण? तेच्यातून नुसती धडधड येता. कोण तो शाणो?"
फिजिक्स. फर्स्ट क्लास.

२३ एप्रिल
लिहिण्यासारखं काही नाही.

२६ एप्रिल
दादाला सहज म्हटलं, नवीनच घेऊ या का? दुकानदार जुना अ‍ॅम्पही नेणार आहे, कटकट जाईल.
"परवा वीस मिनिटं कोण बोललं मग? डोंगर काय, कचरा काय. मला पटलं गं ते. पक्याला पण सांगितलं, दुरुस्तच करायचं." मग भांग पाडता पाडता, "तसंही चूक माझीच. त्या दिवशी जास्त जोरात वाजवले मी."
आई म्हणाली, "बघ, कबूल तरी करतो."
पक्याचा, दुकानदाराचा, सगळ्यांचा मला राग येत होता ना? तो आता कुठे ठेवू?

२९ एप्रिल
वूफर आले. छान झालेत, काकांनी रबर मापाचं बसवलंय. पण त्यांनी फोनवर दादाला सांगून ठेवलंय : जोडण्याआधी अ‍ॅम्पचा गेन बघ, कुणीतरी हलवलाय. दादा म्हणतो, अशक्य. बसवला तेव्हा त्याने योग्य जागेवर लाल ठिपका दिला होता. माझ्याच नेलपॉलिशचा. तेव्हाही मी ओरडले होते. आणि त्या दिवशी डिक्कीत त्याच्याशिवाय फक्त मी वाकले होते.
"अंघोळ करून आलो की दोघं मिळून बसवू. पौर्णिमेला परत बोलायचंय तुला, मी नाव दिलंय. या वेळी तुझा आवाज कडक येईल बघ."
गाडी खालीच उभी आहे. बटण ठिपक्यावर आणायला अर्धं मिनिट लागेल.
चावी दाराजवळच्या खिळ्याला. बाथरूममध्ये बादली भरतेय, दादा गातोय, बेसूर. पंधरा मिनिटं तरी लागतील त्याला.