पऱ्हाटी बँड अन् चुन्याचा गोल

८ जानेवारी २००७, सोमवार

गेली! पुन्हा गेली लाईट! 'बारा तास' अर्ध्यावर आलं होतं, साकेतनं गिटारीचा तो लांब सूर काढला — अन् ठप्प. साकेतची गिटार मुकी, अनघाची बेस गिटार मुकी. ड्रमले लाईट लागत नाही म्हणून मी आपला बडवूनच राह्यलो. साकेत म्हणे, थांब बे, वरात हाय का?

हे गाणं आमीच केलं. भारनियमनावर. साडेचार मिनिटाचं हाय अन् आजपर्यंत एकदाही पुरं झालं नाही — भारनियमनामुळं. कोणाले सांगतलं तं हासते. मले आता हासू येत नाही.

डिसेंबरात गावच्या महोत्सवात दहा मिनिटं भेटले होते. आधी पाच जणांचा सत्कार, मंग लावणी, मंग आमी. दुसऱ्या कडव्याले लाईट गेली. लोकं समजले कार्यक्रम संपला. टाळ्या वाजवून उठले. टाळ्या!

आता २१ तारीख, रविवार. संध्याकाळी पाच ते आठ, कापसाच्या बंद पडलेल्या जिनाचं मैदान. आपली परवानगी, आपलं स्टेज — म्हणजे बबनरावकाकाचं. काकाचं बिछायत केंद्र हाय. मंडप, खुर्च्या, साऊंड, सारं. बारावी दोनदा हुकल्यापासून मी तिथंच कामाले. बँडचं नाव 'पऱ्हाटी'. काका म्हणते, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, शेवटी चुलीत जाची चीज, नाव बरोबर ठेवलं.

२३ ले साकेत पुण्याले जाते. कंपनीत लागला. त्याचे बाबा हेडक्लार्क. त्याइनं सांगून टाकलं — एकदा काय तो धिंगाणा कर अन् गिटार माळ्यावर टाक. म्हणजे २१ ले झालं तं झालं. एक गाणं. पह्यल्यापासून शेवटपर्यंत, लोकाइसमोर. बाकी काही नाही मांगत मी देवाले.

१० जानेवारी

अनघाले घेऊन लाईटवाल्याइच्या ऑफिसात गेलतो. दोन तास बाकावर. साहेब जेवाले गेले, साहेब मिटिंगले गेले, साहेब फिल्डवर गेले. फिल्डवर म्हणजे घरी, अनघा म्हणे. शेवटी पायऱ्या उतरतांनी धरलं. २१ ले पाच ते आठ लाईट ठेवा म्हणलं, फक्त तीन तास. साहेबानं माह्या केसापासून चपलेपर्यंत पाह्यलं.

"मंत्री येते तवाच लाईट जात नाही. तुमच्यात मंत्री कोण हाय?"

स्कूटरले किक मारून गेले. तेवढ्यात त्याइच्याच ऑफिसातली लाईट गेली. देव हाय!

जनरेटर म्हणावं तं संक्रांत झाली की लग्नं. काकाचे दोन्ही जनरेटर पुसदच्या लग्नात, तीन दिवस. टाइम बदलावा म्हणावं तं लाईटीचं टाइमटेबल दर आठवड्याले बदलते, अन् ते कोणालेच माहीत नसते. लाईटवाल्याइलेही नाही.

११ जानेवारी

साहेबाचं बोलणं डोक्यातून जाऊन नाही राह्यलं. खरंच बोलला तो. कापसावाल्या शेतकऱ्याइच्या आत्महत्या सुरू झाल्यापासून दर महिन्याले कोणी ना कोणी दिल्ली-मुंबईहून पाहाले येते. नोव्हेंबरात आले होते, तवा दोन रोज बल्ब विझला नाही. रस्त्याले डांबर लागलं. आमच्या गल्लीतलं मेलेलं डुक्कर उचललं, जे दिवाळीपासून पडून होतं. अन् त्याइच्यासाठी काय केलं होतं? शाळेच्या मैदानात चुन्याचा एक गोल, मंधात इंग्रजी एच. हेलिकॉप्टर त्याच्यात उतरते. बस, एवढंच लागते.

१२ जानेवारी

डोक्यात एक गोष्ट आली. लिहत नाही. ही वही माय वाचते असा डाउट हाय.

१७ जानेवारी, बुधवार

झालं काम! सकाळी साडेपाचले, धुक्यात. मंडपापुढं रेघा मारासाठी काका चुना ठेवते, त्यातलं अर्धं पोतं सायकलवर घातलं अन् सीधा जिनाच्या मैदानात. मंधात खुटी, खुटीले दोर, दोर धरून गोल फिरलो. दहावीत मास्तर भूमितीच्या तासाले मले हेच सांगून राह्यले होते, तवा हे कायले लागते ते समजलं नव्हतं. एचचा एक पाय जाडा झाला. झाला तं झाला.

घरी येऊन आंघोळ केली. माय म्हणे, आज सूर्य कुठून उगवला? हेडमास्तराच्या खुर्चीवर खाजकुइली टाकली होती, ते आजवरचं माह्यं सगळ्यात मोठं काम. आता ते पोरखेळ वाटते.

१८ जानेवारी

सारं गाव बोलून राह्यलं. जिनात हेलिपॅड! चहावाला म्हणे दिल्लीचे येते. न्हावी म्हणे मुंबईचे, अन् येते ते रविवारी, त्याच्या साडूनं पक्कं सांगतलं. पोलीस ठाण्यावाले म्हणते तहसीलले माहीत असन. तहसीलवाले म्हणते वरच्या ऑफिसले माहीत असन. वरचे म्हणते गुप्त दौरा असन, खालच्याइले इचारनं बरं दिसत नाही. कोणीच कोणाले फोन करत नाही — कारण ज्यानं इचारलं त्याले माहीत नव्हतं असं होते!

जिनाच्या रस्त्यावर गिट्टी पडली. अन् लाईट दिवसभर गेली नाही. काकाच्या गोडाऊनमधी 'बारा तास' तीनदा पुरं वाजवलं. साकेत म्हणे, लेका, या गाण्याचा शेवट असा हाय होय?

१९ जानेवारी, शुक्रवार

मले कोणीतरी चपलेनं हाणा.

आमची परवानगी रद्द! काहून? तं त्या मैदानात हेलिकॉप्टर उतरते! ठाण्याचा जमादार स्वतः बिछायत केंद्रात आला, गोड बोलला, म्हणे तुमचं रॉक-बिक मंग कधी, आता देशाचं काम हाय. अन् काकाले ऑर्डर देल्ली — बांबूचं कुंपण, स्टेज, पाचशे खुर्च्या, साऊंड. काका खुश. म्हणजे माह्या कार्यक्रमाच्या मैदानाले मीच दिवसभर बांबू ठोकून राह्यलो, कोणी आत जाऊ नये म्हणून. हाताले फोड आले. ड्रम वाजवाचे हात!

सायंकाळी साकेतले सांगून टाकलं, गोल मी काढला. हासन वाटलं होतं. नाही हासला.

"तुले एक गोष्ट सरळ करता येत नाही का बे?"

एवढंच बोलला अन् गेला. अनघा म्हणे, मले एचचा पाय पाहूनच समजलं होतं.

२० जानेवारी

लोकं यायले लागले. आजच! उद्या गर्दी होईन म्हणून एक रोज आधीच!

बाभुळगावकडच्या एका बंजारा तांड्यावरून सात-आठ बाया आल्या. पुढारी रुपीबाई — साठीची असन, कोपरापर्यंत बांगड्या, आवाज नगाऱ्यासारखा. संगचे पोट्टे तिले याडी म्हणते, म्हणजे माय. भाकरी बांधूनच आणल्या होत्या. काकाच्या मंडपात पटकुरं टाकून बसल्या. मी बांबू बांधून राह्यलो होतो, तं रुपीबाईनं मले बोलावलं अन् एक कागद हातात देल्ला. मास्तरनं लिहून देल्ला म्हणे, बरोबर हाय का वाचून पाहा.

वाचला. तांड्यावर चार वर्षांपासून विजेचे खांब उभे हाय. तार नाही. लोकं खांबाले बकऱ्या बांधते. तेवढी तार टाकून द्या. बस, एवढंच लिह्यलं होतं.

बरोबर हाय म्हणलं अन् तिथून पळालो.

कायले वाचला मी तो कागद! लाईट जाते, लाईट जाते म्हणून महिनाभर बोंबलून राह्यलो, अन् हिच्याकडं लाईट जायले आधी ती यायले तं पाहिजे ना. आता ही बाई उद्या दिवसभर आभाळाकडं पाहीन. अन् कोणामुळं? माह्यामुळं! तिले सांगावं म्हणून दोनदा गेलो. एकदा तिनं भाकर देल्ली, एकदा मिरचीचा ठेचा. खाऊन वापस आलो. सांगतलं तं ती ओरडन, तो आवाज जमादार ऐकन, अन् मी आत. मंग साकेत जायच्या आधी कुठं वाजवाले भेटलं असतं तं तेही नाही. डोकं नुसतं सटकून राह्यलं अन् कोणावर चिडावं ते समजत नाही. स्वतःवर चिडाची मले सवय नाही.

२१ जानेवारी, रविवार

हाताचे फोड फुटले, तरी लिहतो.

दुपारी एकपासून पब्लिक. चारपर्यंत दोन हजार असन. आभाळात घार दिसली की सारे उठून उभे, घार गेली की खाली. लाईटचे साहेब, रस्त्याचे साहेब, पाण्याचे साहेब, सारे इस्त्रीचे शर्ट घालून पह्यल्या लाईनीत. बोलावणं कोणालेच नाही. पण न येऊन जमते का?

पाच वाजले. पब्लिक बोंबलाले लागली. जमादाराले घाम. त्यानं काकाच्या कानात सांगतलं, काकानं माह्या कानात — काही वाजवता का बे? लोकाइले धरून ठेवा.

साकेतच्या घरापर्यंत सायकल कशी मारली मले आठवत नाही. त्याचे बाबा ओट्यावर पेपर वाचून राह्यले होते. जमादारानं बोलावलं, सरकारी कार्यक्रम हाय म्हणलं. सरकारी म्हणल्यावर हेडक्लार्क काय बोलन? त्याइनं स्वतः ॲम्प्लिफायर उचलून ऑटोत ठेवला अन् म्हणे, शर्ट इन कर. अनघाले रस्त्यातून उचललं.

साडेपाचले 'बारा तास'. मी चार ठोके देल्ले अन् सुरू.

दोन हजार लोकं — अन् एकही माणूस आमच्याकडं पाहात नाही! सारे वर! मानी मागं टाकून! साकेत जीव तोडून गाऊन राह्यला अन् समोर नुसत्या हनुवट्या. असा राग आला मले, असा राग आला, सारा ड्रमवर काढला. एक कडवं गेलं. दुसरं गेलं. साकेतचा तो लांब सूर आला, अन् मी वाट पाहून राह्यलो की आता जाते, आता जाते — नाही गेली! साडेचार मिनिटं. शेवटचा ठोका मारला तवा साकेतनं मागं वळून माह्याकडं पाह्यलं. अनघा तिकडं तोंड करून नाक पुसून राह्यली होती.

टाळ्या पंधरा-वीस. एक म्हातारा स्टेजजवळ आला अन् म्हणे, आवाज कमी करा बाप्पा, हेलिकॉप्टर ऐकू नाही येणार.

रुपीबाई एकदम पुढं बसली होती. कागद छातीशी, तोंड वर. दुसऱ्या गाण्यात माह्या काड्या दोनदा हुकल्या. तिच्याकडं पाहाचं नाही ठरवलं तं तिच्याशिवाय काही दिसत नव्हतं. तिसऱ्या गाण्याले ती जागेवर नव्हती. मले वाटलं, कंटाळून कुठं रडत बसली. तवा खरंच वाटलं, माईक घ्यावा अन् सांगून टाकावं. माईक साकेतच्या हातात होता. गात होता. कसा मांगू?

सहा गाणे झाले. सातले जमादारानं जाहीर केलं, दौरा रद्द. कोणाचा दौरा, हे एकानंही इचारलं नाही. उठले, बूड झटकलं, गेले. दोन हजार माणूस इतकं लवकर मानते? शिवी तरी द्या ना कोणी!

जे मांगतलं ते भेटलं. मंग जेवण काहून जात नाही?

२२ जानेवारी

सकाळी सहाले लाईट गेली. टाइमावर.

२३ जानेवारी

साकेत गेला. गिटार माळ्यावर नाही गेली, संग गेली. बाबानंच ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत ठेवली, अन् शेजारच्या माणसाले सांगून राह्यले होते की पोरानं सरकारी कार्यक्रमात वाजवलं. मी मधात पडलो नाही. पह्यल्यांदाच.

साकेतले काल रुपीबाईचं सारं सांगतलं होतं. गाडी हालली तवा खिडकीतून म्हणे —

"यज्ञ्या, त्या बाईले जाऊन खरं सांग. नाही तं फोन करू नको मले."

जाता जाताही मास्तरकीच! स्वतः निघून गेला एसीत, अन् मार मी खाऊ तांड्यावर. जातो. परवा जातो.

२५ जानेवारी

तांड्यावर गेलतो. रुपीबाईसमोर उभा राहून एका दमात सारं सांगतलं — चुना, दोर, एच, लाईट, गाणं. डोळे मिटूनच सांगतलं.

तिनं ऐकून घेतलं.

"मालूम हाय नं बाबू. सुनेचं बाळंतपण होतं, दवाखान्यातून येऊन मी जिनासमोरच्या रोडवर बसची वाट पाहात होती. तू गोल काढून राह्यला होता. चार वर्षं झाले, हापिसात गेलं की साहेब नसते. म्हणलं, या गोलात सारेच येते."

अर्जाची नक्कल दाखवली. खाली लाईटच्या साहेबाची सही, तारीख २१ — म्हणजे तिसऱ्या गाण्याले ती साहेबाजवळ होती. खांबाजवळ तारेचं एक बंडल येऊन पडलं होतं.

मंग वर काहून पाहून राह्यली होती म्हणलं. म्हणे, सारेच पाहून राह्यले होते, मी एकटी खाली पाहू का?

निघतांनी रस्त्यापर्यंत आली. म्हणे, पुढचा गोल कवा हाय ते चार रोज आधी सांगजो, बाकीच्या तांड्याइले अर्ज लिहाले टाइम लागते.